त्या वर्षीची बोरं

आमच्या गावात वसंत हाताने उपटून काढतात. मी हे अलंकारिक बोलत नाही. मे महिना लागला की बाबांच्या बागकामाच्या कंपनीला वरून मेल येतो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रस्त्याच्या मधल्या पट्ट्यांतले आणि चौकातल्या गोल वाफ्यांमधले पेटुनिया मुळासकट उपटायला सुरुवात होते. फुलं सुकलेली नसतात. जांभळी, पांढरी, गडद गुलाबी, अगदी भरात असतात. पण मेलमध्ये सीझन संपलेला असतो, म्हणून तो जमिनीतही संपवावा लागतो.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आठ वर्षांची होते. शाळेची बस शारजातल्या एका चौकात सिग्नलला थांबली होती. बाहेर हिरव्या जॅकेटमधली माणसं ओळीने वाकली होती. फुलांची पाती मुठीत धरायची, एक हिसका, माती झटकायची, काळ्या पिशवीत टाकायचं. त्यांच्यामागे कागद हातात घेऊन माझे बाबा उभे होते. मी काचेवर हात आपटले. बाबांनी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना जाब विचारला. तेव्हा मी जाबच विचारायचे, प्रश्न विचारत नसे. त्याचं कारण पुढे येईल.

"फुलं जिवंत होती, बाबा."

"सीझन संपला."

"कोणाचा?"

बाबा हसले नाहीत. बूट काढताना म्हणाले, "आता सदाफुली लावायची. उन्हाळ्यात तीच टिकते."

मग दाराची बेल वाजली आणि दारात काका होते. खांद्यावर टॉवेल, हातात काळी पिशवी. त्यांनी ती आईच्या हातात दिली. "वहिनी, पंधरा-वीस रोपं हायत. दोन आठवडे जगतील. तेवढंच बायला बरं वाटेल."

बाय म्हणजे मी. आमच्या आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ती रोपं अठरा दिवस जगली. मी रोज मोजत होते.

काका आमच्या नात्यातले नव्हते. राजापूरच्या बाजूचे, बाबांच्या हाताखाली काम करणाऱ्या माळ्यांमधले सगळ्यात जुने. कामावर बाबा त्यांचे साहेब होते आणि आमच्या उंबऱ्याच्या आत भाऊ. हा बदल ते चपला काढता काढता करायचे, त्यात कधी चूक झाली नाही. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून ते कामगारांच्या कॅम्पवरून अल मजाजला आमच्याकडे जेवायला यायचे. जेवण झालं की ते, मी आणि कधी कधी माझा धाकटा भाऊ असे खालिद लगून या खाडीच्या काठाने बसस्टॉपपर्यंत चालत जायचो.

आता पत्रकांबद्दल सांगते. माझे आजोबा कोकणातल्या एका लहान गावात छापखाना चालवत. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून भांडणं ओढवून घ्यायची, असा त्यांचा संसार. खाडीत सोडलेलं कारखान्याचं पाणी, आंब्याच्या बागेतल्या मजुरीचे तास, बंद पडलेली शाळा, गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांनी पत्रक काढलं. आई लग्न होऊन शारजाला यायला निघाली तेव्हा काचेची भांडी गुंडाळायला सासऱ्यांनी तिला उरलेल्या पत्रकांचा एक गठ्ठा दिला. इथे आल्यावर आईने ते कागद हाताने सरळ केले आणि स्वयंपाकघराच्या कपाटांत भांड्यांखाली अंथरले.

घरात मराठी पुस्तक नव्हतं. शाळेत मराठी नव्हतं. मी अक्षरं शिकले ती त्या कपाटांत, डबे बाजूला सरकवून, आईच्या पाठीमागे बसून. मी पहिलं अख्खं वाचलेलं वाक्य होतं, "बंधू-भगिनींनो, आता गप्प बसण्याची वेळ उरलेली नाही." त्याच्यावर साखरेच्या डब्याचा गोल डाग होता. त्यामुळे माझं मराठी सुरुवातीपासून असं झालं. नऊ वर्षांची असताना मी फ्रीजवर कागद चिकटवला होता: आमच्या मागण्या. एक, भेंडी आठवड्यातून एकदाच. दोन, भावाला जे मिळेल ते मला मिळालंच पाहिजे. तीन, फुलं उपटणं ताबडतोब थांबवण्यात यावं.

काकांनी तो कागद मोठ्याने वाचला. तेव्हा त्यांना वाचता येत होतं. "भाऊ, तुमच्या घरात युनियन झाली की."

"एकच मेंबर आहे," बाबा म्हणाले.

"दोन," काका म्हणाले. "भेंडी मला पण नको असते. वहिनींना सांगायची हिंमत नाय झाली इतकी वर्षं."

आई आतून म्हणाली, "काका, ऐकू येतंय हं मला."

त्यानंतर आमच्याकडे भेंडी खरोखर कमी झाली. माझ्या आयुष्यातला तो एकमेव पूर्ण यशस्वी लढा.

इथे ऋतू नसतात असं सुट्टीवर आलेले पाहुणे म्हणतात. एक गरम आणि एक जास्त गरम, असा त्यांचा ठरलेला विनोद. आमच्या घरात ऋतू काकांच्या पिशवीतून यायचे. डिसेंबरात ते रिकाम्या हाताने येत आणि सांगत की लॉनवर हुदहुद पक्षी उतरलेत, उद्या शाळेच्या मागच्या बागेत बघ, डोक्यावर तुरा असतो. फेब्रुवारीत बोरं. इथे सिदर नावाचं झाड असतं, ते आपल्या बोरीचंच भावंड. फळ लहान, पिवळं, थोडं पिठूळ. काका एकेक बोर बघून, दाबून, वास घेऊन आणायचे. पिशवीत किडकं बोर निघालं असं कधी झालं नाही. मार्चमध्ये लगूनवरचे कुरव पक्षी एका आठवड्यात नाहीसे व्हायचे आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा वाटायचा. पाडव्याला काका कोवळा कडुनिंब आणायचे, तोही रस्त्याच्या पट्ट्यातलाच. "छाटणीत निघाला," असं सांगायचे, आणि बाबा ऐकलं नाही असं करायचे. जुलैत अर्धा पिकलेला खजूर, अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी. ऑगस्टात काहीच नाही. ऑगस्टात खिडक्यांना बाहेरून घाम यायचा, काका यायचे, पंख्याखाली बसायचे, दोन तांबे पाणी प्यायचे आणि बोलायचे नाहीत. तोही एक ऋतूच.

माझा भाऊ सोफ्यावर पडून म्हणायचा, "इट्स द सेम वेदर ऑल इयर, ताई. यू आर सो ड्रामॅटिक."

काका मला विचारायचे, "काय म्हणतो तो?"

"म्हणतो सगळे दिवस सारखेच."

"त्याला एक दिवस माझ्याबरोबर पाठव. सकाळी सहाला कळेल."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात धुकं फार पडलं. आठव्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसायचा नाही, फक्त गाड्यांचे दिवे. अशाच एका सकाळी काका लवकर आले आणि धुकं विरल्यावर आम्ही बाहेर पडलो. लगूनच्या लॉनवर, आमच्यापासून दहा पावलांवर हुदहुद चोच मातीत खुपसत होता. मी कुजबुजले, "काका, बघा." काकांनी मान वळवली, पण चुकीच्या बाजूला. तो पक्षी बोलला तेव्हा त्यांची मान थोडी फिरली, आणि ते म्हणाले, "हां, सुंदर हाय." ते एका रिकाम्या बाकाकडे बघत होते.

फेब्रुवारीत त्यांनी बोरं आणली. मी पिशवी ओट्यावर ओतली आणि पहिलं बोर फोडलं तर आत अळी. दुसऱ्यातही. निम्म्याहून जास्त बोरांना बाहेरूनच भोकं दिसत होती. मी आईकडे पाहिलं. आईने पटकन चांगली बोरं वाटीत काढली, बाकीची कचऱ्यात टाकली, त्यावर कांद्याची सालं टाकली आणि वाटी बाहेर नेली. "गोड आहेत हो काका या वेळची."

त्या दिवशी जेवायला बांगडे होते. काकांसारख्या कोकणी माणसाला बांगड्याचा काटा काढून द्यायचा म्हणजे अपमानच. पण मी पहिल्यांदाच नीट पाहिलं की आईने त्यांच्या ताटात वाढलेला बांगडा आतच, ओट्यापाशी, काटे काढून, पुन्हा आकारात लावून ठेवला होता. म्हणजे तिला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. घरात फक्त मला आणि भावाला सांगितलेलं नव्हतं.

बसस्टॉपकडे जाताना मी सरळ विचारलं. "काका, तुम्हाला दिसत नाही ना?"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाले, "साखरेने डोळे खाल्ले गो. डावा गेलाच. उजव्याला मधोमध डाग हाय, कडेकडेने दिसतं." आणि लगेच पुढे, घाईने, "साहेबांनी मला नर्सरीत टाकलाय. ट्रेमधून रोपं काढायची, पिशवीत लावायची. त्याला डोळे कशाला लागतात? बोटांना सगळं कळतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कागदावर लिहितो. कागद कंपनीत जातो. मग माणूस कॅन्सल." इथे व्हिसा रद्द होतो त्याला सगळे असंच म्हणतात. व्हिसा नाही, माणूस कॅन्सल होतो. काकांनी चालता चालता माझ्या दंडाला धरलं, रस्ता ओलांडायचा होता म्हणून. "बाय, मला एक हिवाळा हवाय. फक्त एक. पोरीचा नर्सिंगचा कोर्स पुढच्या वर्षी मेमध्ये संपतो. तुझ्याच वयाची ती. तोवर मी इथे टिकलो की झालं. मग साहेबांना सांगणार, यंदा पेटुनियांबरोबर मला पण उपटा."

ते स्वतःच हसले. मी त्यांना बसमध्ये बसवलं आणि मान हलवली. मान हलवलेली त्यांना दिसली नसणार, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

मे महिना आला. वरून मेल आला. पेटुनिया निघाले आणि सदाफुली लावायला माणसं कमी पडली. नर्सरीतल्या सगळ्यांना रस्त्यावर पाठवायचा हुकूम आला, आणि बाबा त्यातून एकट्या काकांना वगळू शकले नाहीत, कारण वगळायचं तर कारण लिहावं लागतं. जूनच्या सुरुवातीला मी टॅक्सीतून कॉलेजला जाताना त्यांना पाहिलं. तीन लेनचा रस्ता, मधल्या अरुंद पट्ट्यावर गुडघ्यांवर बसलेले, हाताने चाचपत रोपं लावताना. त्यांच्या पाठीपासून दोन हातांवरून ट्रक जात होते. दुपारी उन्हातलं काम बंद ठेवायच्या सरकारी नियमाचे महिने अजून सुरू झाले नव्हते. ते सुरू झाले तरी सकाळचे अकरा अकराच असतात, आणि जूनमधल्या अकराच्या उन्हाला तो नियम माहीत नसतो.

त्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. आवाज मोठा माझाच होता.

"एका आंधळ्या माणसाला तुम्ही हायवेवर बसवलंत."

"हळू बोल."

"हे शोषण आहे, बाबा. आणि तुम्ही त्यात सामील आहात."

"हा शब्द आजोबांचा," बाबा म्हणाले. "तो त्यांना शोभायचा. ते त्यांच्या स्वतःच्या गावात राहत होते." मग, "मी त्याला सगळ्यात आतल्या पट्ट्यावर ठेवलाय. दोन्ही बाजूंना माझी माणसं आहेत. पंधरा दिवसांत परत नर्सरी. तू मध्ये पडू नकोस. त्याने तुला काय सांगितलंय ते मला माहीत आहे."

मी मध्ये पडले.

कंपनीच्या साइटवर कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी एक पान होतं. नाव द्यायची सक्ती नव्हती, उत्तरासाठी फक्त ईमेल द्यायचा होता. मी इंग्रजीत दीड पान लिहिलं आणि ते चांगलं लिहिलं, हे सांगायला आज मला लाज वाटते. कोणाचंही नाव घेतलं नाही. काका नाही, बाबा नाही, मीही नाही. तेवढ्याने सगळे सुरक्षित राहतील अशी माझी समजूत होती. मी लिहिलं की सत्तावीस वर्षं तुमची झाडं जगवणारा एक कोकणातला माळी आहे, त्याची दृष्टी गेली आहे. लिहिलं की हा माणूस पूर्वी एकेक बोर पारखून आणायचा आणि आज त्याच्या पिशवीत अळ्या निघतात. मग मागण्या: एक, त्याच्या डोळ्यांवर तातडीने उपचार करण्यात यावेत. दोन, त्याला सावलीतलं काम देण्यात यावं. तीन, हे करताना त्याची नोकरी अबाधित राहावी. तिसरी मागणी मी अधोरेखित केली होती.

उत्तर आठ दिवसांत आलं आणि फार सभ्य होतं. ही बाब लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानले होते. कर्मचाऱ्याची सुरक्षितता सर्वप्रथम, असं म्हटलं होतं. त्यांनी बाबांच्या हाताखालच्या सगळ्या माळ्यांच्या डोळ्यांची तपासणी लावली. त्याला दोन दिवस लागले. मग काका कॅन्सल झाले. बाबांना वॉर्निंग लेटर मिळालं, माहिती लपवल्याबद्दल.

माझं म्हणणं तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. ज्याला दिसत नाही त्याला ट्रकच्या शेजारी बसवू नये. ज्याने सत्तावीस उन्हाळे दिले त्याचे डोळे कंपनीने बघावेत, त्याला परत पाठवून मोकळं होऊ नये. ही वाक्यं मी कुठेही उभी राहून म्हणेन. पण त्यांतल्या एकाही वाक्याने काकांना हिवाळा मिळाला नाही. तो मी घालवला.

जुलैत, जायच्या आदल्या दिवशी, ते शेवटचे जेवायला आले. सोबत खजूर होता, अर्धा पिकलेला. दुकानातून विकत आणलेला, पारदर्शक डब्यात, वर किमतीचं लेबल. या घरात त्यांनी विकत आणलेली ती पहिली वस्तू. आईने वरणभात केला, भाजी केली. मासे केले नाहीत. पहिला बोलला तो माझा भाऊ, मराठीत, अडखळत. "काका, तुम्ही परत येणार?"

"अरे, तुला मराठी येते," काका म्हणाले. "इतकी वर्षं फुकट मला इंग्लिश ऐकवलीस."

बसस्टॉपपर्यंत मीच गेले. उकाड्याने लगूनचं पाणी तेलासारखं जड दिसत होतं. गुलमोहराची फुलं फरशीवर पडून चिकटली होती. मला वाटलं होतं, तक्रार मी केली हे त्यांना माहीत नसेल. पण कंपनीच्या ऑफिसात ते पत्र त्यांना आणि बाबांना वाचून दाखवलं होतं, हिंदीत सांगून सांगून.

चालता चालता ते म्हणाले, "बोरांचं कशाला लिहिलंस गो?"

मी त्यांच्या पायापुढची फरशी बघत चालत राहिले.

"डोळ्यांचं लिहिलंस, ते बरोबर. उन्हाचं लिहिलंस, बरोबर. ते सगळ्यांचं हाय. पण बोरं मी तुमच्या घरी आणली होती." त्यांनी माझा दंड सोडला आणि बसचा दांडा चाचपून पकडला. "ते घरातलं होतं."

बस गेली. ते खिडकीशी बसले होते आणि समोर बघत होते. मी हात हलवला नाही.

त्यानंतरचा उन्हाळा घरात तसाच साचला. बाबा माझ्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त कामापुरतं बोलायचे. बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घातलंस का, मोगऱ्याला कीड दिसतेय, एवढंच. ऑगस्टात खिडक्यांना घाम आला. पंख्याखाली कोणी बसलं नाही. कामावरून येताना बाबा एकदा फोनवर बोलत होते, "हो काका, हो, डोळ्यात थेंब टाकता ना वेळेवर?" मला पाहिल्यावर ते बेडरूममध्ये गेले. नंतर आईकडून कळलं, काकांच्या मुलीने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कोर्स थांबवलाय आणि ती राजापुरात औषधांच्या दुकानात उभी राहते.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, आईने कपाटं आवरायला काढली. हवा उतरली होती, एसी बंद करून खिडक्या उघडल्या होत्या. खाली चौकात नवे पेटुनिया लावायला सुरुवात झाली होती. कपाटातले कागद आता तुकडे पडायला आले होते. आई म्हणाली, "टाकून देऊ. प्लास्टिकच्या शीट आणल्यात मी." मी साखरेच्या डब्याखालचा कागद उचलला, ज्यावर मी वाचायला शिकले तो. तो माझ्या हातात अपेक्षेपेक्षा लांब निघाला. आईने तेव्हा तो फळीच्या मापाने बसवताना खालची चार बोटं मागे दुमडली होती. तो भाग मी कधी पाहिलाच नव्हता.

दुमड उघडली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, "आम्ही खाली सह्या करणारे." आणि त्याखाली नावं. आडवी, दाटीवाटीने, तीन रांगा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या नावापुढे कंसात छापलं होतं: अंगठा, अंगठा, अंगठा.

मी दुसरा कागद काढला. तिसरा. सगळे दुमडलेले होते. सगळ्यांखाली सह्या.

आई शेजारी बसली. म्हणाली, "सासरे घरोघर फिरायचे सह्यांना. पत्रक एका दिवसात लिहून व्हायचं त्यांचं. सह्यांना महिना जायचा. कितीदा लोक नाही म्हणायचे, मग ते छापायचेच नाहीत. तसेच पडून राहायचे छपाईचे खिळे जुळवलेले."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू नुसती वाचत बसायचीस." मग तिने तो कागद माझ्या हातातून घेतला, दुमड बोटाने सरळ केली. "मला काय माहीत, माझी मुलगी कपाटातलं वाचून शिकतेय ते. फळीवर मावत नव्हतं म्हणून मी दुमडलं."

इतकी वर्षं मी अर्धी पत्रकं वाचत मोठी झाले होते. वरचा राग सगळा वाचला होता. खाली कोणाला विचारलं होतं, ते वाचायचं राहिलं होतं. बाबांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली, दोन ठिकाणी थांबले, बहुतेक ओळखीची असावीत. कागद परत देताना एवढंच म्हणाले, "फोन कर त्याला."

मला फोन करायला फेब्रुवारी उजाडला. भित्रेपणाला दुसरं नाव नाही. लगूनकडे जाणाऱ्या वाटेवर एक सिदर आहे, त्याखाली पिवळी बोरं पडली होती आणि साळुंक्या ती फोडत होत्या. मी तिथेच उभी राहून फोन लावला.

पलीकडे कोंबड्याचा आवाज होता, भांड्यांचा होता. काका म्हणाले, "बाय, पेटुनिया कुठला रंग लावलाय यंदा?"

"जांभळा जास्त आहे. चौकात पांढरा."

"पांढऱ्याला माती लागते. पावसाचा एक थेंब पडला की घाण दिसतो. साहेबांना सांग." मग म्हणाले, "मला उजेड दिसतो. सकाळ झाली ते कळतं. पोर म्हणते जूनमध्ये परत घेतील तिला. बघू."

मी माफी मागितली. ती मी इथे लिहिणार नाही, ती त्यांना सांगून झाली आहे. मग मी विचारलं, हे सगळं लिहू का. त्यांचं नाव न घेता, पण आता मला माहीत आहे की नाव न घेणं पुरेसं नसतं. ओळखणारे ओळखतात. तुम्ही नाही म्हणालात तर मी लिहिणार नाही.

पलीकडे त्यांनी कोंबड्याला हाकललं.

"माझ्या पोरीला वाचून दाखवायला सांगेन," ते म्हणाले. "लिही."

"बोरांचं?"

"बोरांचं राहू दे. लिहिलंयस तर आता लिहिलंयस." झाडाखालच्या साळुंक्या माझ्या पायापर्यंत आल्या होत्या. "पण एक घाल त्यात. त्या वर्षी धुकं फार पडलं होतं. फळ धरताना धुकं पडलं की कीड पडते. माझ्या डोळ्यांचा काय संबंध नाय. त्या वर्षी सगळीच बोरं किडकी होती, असं लिही."

त्या वर्षी सगळीच बोरं किडकी होती.